फोरट्रानमधील सिग्नल-हाताळणी: मॅन्युअलमधल्या एका नोंदीत काय काय लिहिलेले असावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगडजवळच्या एका लहान बंदरातील ब्रेकवॉटरसाठी लाटांची गणना करणारा तुमचा फोरट्रान प्रोग्राम एका वेळी दहा-बारा तास चालतो. पावसाळ्यात वीज गेली की काही मिनिटांनी यूपीएस संगणकाला बंद होण्याचा आदेश देतो. त्या वेळी येणारा सिगटर्म हा सिग्नल (ऑपरेटिंग सिस्टीमकडून चालू प्रोग्रामला येणारी ‘थांब’ अशी सूचना) पकडून तोवरची स्थिती फाइलमध्ये लिहावी, म्हणून तुम्ही जीफोरट्रान या जीएनयूच्या फोरट्रान कम्पायलरच्या मॅन्युअलमधला ‘सिग्नल’ हा इंट्रिन्सिक, म्हणजे कम्पायलरसोबतच मिळणारी तयार प्रोसीजर, वापरला आणि आलेल्या सिग्नलचा क्रमांक हँडलरमध्ये, म्हणजे सिग्नल आल्यावर चालणाऱ्या सबरूटीनमध्ये, छापण्याचा प्रयत्न केला. फाइल लिहिली जाण्याऐवजी प्रोग्राम सेगमेंटेशन फॉल्टने (न दिलेल्या स्मृतीला हात लावल्याने) कोसळला. आता तुमचे दोन प्रश्न आहेत: चूक कोणाची, आणि ती मॅन्युअलची असेल तर सुधारणा म्हणून नेमके काय लिहून पाठवावे.

तुमची चूक एका ओळीची आहे आणि ती ओळ जुन्या मॅन्युअलमध्ये नव्हती. तुमच्या संगणकावर सेंटओएस ७ आहे, म्हणजे सोबतचा कम्पायलर जीसीसी (जीफोरट्रान ज्याचा भाग आहे तो कम्पायलर-संच) ४.८.५ आहे. त्या काळच्या मॅन्युअलमध्ये असे म्हटले आहे की सिग्नल आल्यावर हँडलर हे बाह्य सबरूटीन ‘एका पूर्णांक आर्ग्युमेंटसह’ चालवले जाते. ते आर्ग्युमेंट कसे दिले जाते, हे तिथे लिहिलेले नाही, आणि फोरट्रानच्या वाचकासाठी सगळा प्रश्न याच एका शब्दावर अडतो.

आपण साधे फोरट्रान सबरूटीन लिहितो तेव्हा पूर्णांक आर्ग्युमेंटच्या जागी त्याचा पत्ता येणार, असे कम्पायलर धरून चालतो. हँडलरला मात्र तुमचा प्रोग्राम बोलावत नाही. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम बोलावते, ती सी या भाषेच्या पद्धतीने बोलावते, आणि सीच्या पद्धतीत पूर्णांक थेट मूल्याने दिला जातो. सिगटर्मचा क्रमांक १५ आहे. तुमच्या हँडलरला १५ हे मूल्य मिळाले, त्याने ते पत्ता समजून स्मृतीतल्या १५ क्रमांकाच्या जागी डोकावण्याचा प्रयत्न केला, ती जागा कोणत्याच प्रोग्रामला दिलेली नसते, आणि कर्नलने दुसरा सिग्नल पाठवला, तो म्हणजे सिगसेगव्ह. पडद्यावर तुम्हाला हा दुसराच सिग्नल दिसला. म्हणून चार दिवस तुम्ही अ‍ॅरेच्या सीमा तपासत बसलात, आणि त्यात तुमचा दोष मी मानत नाही.

हाच दोष इतकी वर्षे का टिकला, याचे कारण तुमच्या सूचनेसोबत जायला हवे, म्हणून ते सांगतो. बहुतेक जुन्या प्रोग्रामांतले हँडलर आपले आर्ग्युमेंट वाचतच नाहीत. कित्येकांनी ते घोषितही केलेले नसते. असा हँडलर आपल्या नेहमीच्या यंत्रांवर बिनतक्रार चालतो, कारण रजिस्टरमध्ये आलेले मूल्य कोणी उघडून पाहत नाही. ज्या दिवशी एखादा काळजीपूर्वक काम करणारा माणूस ‘कोणता सिग्नल आला ते तरी छापू’ असे म्हणतो, त्या दिवशी प्रोग्राम पडतो. कम्पायलर इशाराही देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही एका इंट्रिन्सिकला एक सबरूटीन दिले आहे, एवढेच घडलेले असते. जिथे कम्पायलर गप्प राहतो, तिथे मॅन्युअलने बोलायचे असते, असे माझे ठाम मत आहे.

उपाय फोरट्रान २००३ पासून प्रमाणभाषेतच उपलब्ध आहे. हँडलर मोड्यूलमध्ये लिहावा, त्याला ‘बाइंड सी’ हे (सीच्या पद्धतीने बोलावता येईल असे सांगणारे) विशेषण द्यावे, आर्ग्युमेंट सी-इंट या प्रकाराचे घ्यावे आणि त्यावर ‘व्हॅल्यू’ लिहावे. जीफोरट्रानच्या नव्या मॅन्युअलमध्ये ‘मूल्याने दिलेले’ हे शब्द आलेले आहेत आणि उदाहरणही याच वळणाचे झाले आहे. त्यामुळे सूचना पाठवण्यापूर्वी सर्वांत नवी आवृत्ती उघडून पाहा. झालेली दुरुस्ती पुन्हा मागू नका. तरीही त्या नोंदीत बरेच काही राहिलेले आहे.

प्रथम उदाहरणाविषयी, कारण वाचक वर्णनाआधी उदाहरण वाचतो आणि पुष्कळदा उदाहरणच उचलून आपल्या फाइलमध्ये डकवतो. जुन्या मॅन्युअलमधल्या उदाहरणात मुख्य प्रोग्राम होता, हँडलरचे नाव ‘एक्स्टर्नल’ म्हणून घोषित होते, पण हँडलरचे शरीर दिलेलेच नव्हते. जो भाग लिहिताना माणूस चुकतो तोच भाग गाळलेला होता. शिवाय सिग्नलचे क्रमांक १० आणि १२ असे उघडे लिहिलेले होते. हे क्रमांक इंटेल प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये सिगयूएसआर१ आणि सिगयूएसआर२ यांचे आहेत. मॅक ओएसवर मात्र १० म्हणजे सिगबस आणि १२ म्हणजे सिगसिस, आणि तिथे सिगयूएसआर१ चा क्रमांक ३० आहे. तुमचा सिगटर्म १५ आणि सिगइंट २ हे दोन्हीकडे सारखे असल्याने तुम्हाला याचा त्रास झाला नाही, पण उदाहरण वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाला होईल. म्हणून माझी पहिली मागणी अशी राहील की उदाहरणात सिगटर्म वापरावा आणि हा क्रमांक कुठून घेतला, हे शेजारच्या टिप्पणीत लिहावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. नव्या उदाहरणातही हँडलरच्या आत ‘प्रिंट’ आहे. वाचकाला हँडलर चालल्याचे दिसावे, हा हेतू मला समजतो. पण हे उदाहरण जसेच्या तसे उचलणाऱ्याच्या हातात आपण एक असा प्रोग्राम देतो, जो शंभर वेळा नीट चालेल आणि एकशे एकाव्या वेळी कायमचा अडकून बसेल. सिग्नल प्रोग्रामच्या दोन ओळींच्या मध्येच येतो असे नाही. तो एका ‘राइट’ विधानाच्या पोटातही येऊ शकतो. फोरट्रानची रनटाइम लायब्ररी प्रत्येक युनिटला, म्हणजे फाइलच्या किंवा पडद्याच्या वाहिनीला, काम चालू असताना कुलूप लावते. मुख्य प्रोग्राम पडद्याच्या युनिटवर लिहीत असताना सिग्नल आला आणि हँडलरनेही त्याच युनिटवर लिहायला घेतले, तर हँडलर कुलूप उघडण्याची वाट पाहतो, आणि कुलूप उघडायचे असते त्याच मुख्य प्रोग्रामला, जो हँडलर संपण्याची वाट पाहत थांबलेला आहे. मालवणच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) अर्धी पाण्यात आणि अर्धी वाळूवर असताना त्याच जागी दुसरी रापण टाकता येत नाही. आधी हातातली ओढून संपवावी लागते. इथे ती संपवणारे हातच थांबवून ठेवलेले असतात.

पॉझिक्स या युनिक्ससारख्या प्रणालींच्या प्रमाणाने हँडलरमधून निर्धोकपणे बोलावता येतील अशा फंक्शनांची यादीच दिलेली आहे. सीचे ‘राइट’ हे सिस्टीम कॉल आणि ‘अंडरस्कोर-एक्झिट’ त्या यादीत आहेत. ‘प्रिंटएफ’ (छापणारे) आणि ‘मॅलॉक’ (स्मृती मागणारे) नाहीत. यावरून फोरट्रानच्या लेखकाने काय समजायचे, हे मात्र कोणी त्याला सांगत नाही, आणि ते सांगणे मॅन्युअलचे काम आहे: फोरट्रानचे कोणतेही इनपुट-आउटपुट विधान, ‘अ‍ॅलोकेट’ आणि ‘डीअ‍ॅलोकेट’, आकार बदलणाऱ्या अ‍ॅलोकेटेबल चलाला केलेली नेमणूक, दोन स्ट्रिंग जोडणे, या सगळ्यांमागे लायब्ररी किंवा स्मृतीवाटप लपलेले असू शकते. ‘स्टॉप’ सुद्धा निर्धोक नाही, कारण तो उघड्या फाइली बंद करतो आणि त्यासाठी तीच कुलपे हवी असतात. सीमध्ये ‘मॅलॉक’ डोळ्यांना दिसतो. फोरट्रानमध्ये तो नेमणुकीच्या एका साध्या चिन्हामागे दडतो. म्हणून ‘सीचे मॅन्युअल पाहा’ हा हवाला इथे अपुरा पडतो.

मग हँडलरने करायचे काय? एक झेंडा उभा करायचा आणि परतायचे. मोड्यूलमध्ये सी-इंट प्रकाराचे एक चल ठेवा, त्यावर ‘व्होलाटाइल’ लिहा, हँडलरमध्ये त्याला १ ही किंमत द्या, आणि काळाच्या प्रत्येक पायरीच्या शेवटी मुख्य प्रोग्रामने ती किंमत पाहावी. ती १ असेल तर स्थिती फाइलमध्ये लिहावी आणि रीतसर थांबावे. ‘व्होलाटाइल’ नसताना काय होते, हेही नोंदीत एका वाक्यात हवे: वेटोळ्यात (लूपमध्ये) बाहेरच्या सबरूटीनचे कॉल असतील तर कम्पायलर ते चल पुन्हा वाचतो आणि सगळे ठीक दिसते, वेटोळे लहान असेल आणि ऑप्टिमायझेशन चालू असेल, तर किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवली जाते आणि झेंडा उभा राहूनही कोणाला दिसत नाही. सीमध्ये अशा चलासाठी ‘सिग-अ‍ॅटॉमिक-टी’ हा खास प्रकार आहे. फोरट्रानच्या सी-बाइंडिंग मोड्यूलमध्ये त्याला समांतर स्थिरांक दिलेला नाही, पण लिनक्सच्या जीलिबसी या सी-लायब्ररीमध्ये तो साधा ‘इंट’ असल्याने सी-इंट चालतो. हे शोधून काढायला मला एके काळी एक पूर्ण दुपार लागली होती. नोंदीत त्याला एक ओळ पुरली असती.

‘स्टेटस’ या आर्ग्युमेंटविषयीही थोडे लिहायला हवे. मॅन्युअल म्हणते की त्यात सीच्या ‘सिग्नल’ने परत केलेली किंमत येते. सीमध्ये ही किंमत म्हणजे आधीच्या हँडलरचा पत्ता. चौसष्ट बिटांच्या यंत्रावर पत्ता ८ बाइटांचा आणि फोरट्रानचा नेहमीचा पूर्णांक ४ बाइटांचा. पत्ता त्यात मावत नाही. तेव्हा ही किंमत फक्त उणे १ आली का, म्हणजे नोंदणी फसली का, एवढे पाहण्यासाठी वापरावी, आणि जुना हँडलर परत बसवण्यासाठी ती वापरू नये, असा स्पष्ट इशारा हवा. ज्याला जुना हँडलर परत बसवायचा आहे, त्याने सी-बाइंडिंगमधून ‘सिगअ‍ॅक्शन’ बोलवावे. पॉझिक्सचा कलही तिकडेच आहे, कारण ‘सिग्नल’चे वागणे प्रणालीनुसार बदलत आले आहे. युनिक्सच्या जुन्या सिस्टीम व्ही परंपरेत हँडलर एकदा चालला की नोंदणी रद्द होत असे. बीएसडी परंपरेत ती टिकते, आणि जीलिबसी सामान्यतः दुसरी परंपरा पाळते.

लायब्ररी स्वतः काय करते, ही माहिती मॅन्युअलमध्ये आहे. पण ती कमांड-लाइनच्या पर्यायांच्या प्रकरणात ‘बॅकट्रेस’ या पर्यायाखाली आहे, आणि ‘सिग्नल’ची नोंद वाचणारा तिथे पोहोचत नाही. मुख्य प्रोग्राम फोरट्रानचा असेल तर लायब्ररी सुरुवातीलाच सिगसेगव्ह, सिगएफपीई, सिगबस, सिगअबॉर्ट अशा घातक सिग्नलांवर आपले हँडलर बसवते आणि कोसळताना कॉलची साखळी छापते. तुम्ही त्याच सिग्नलवर आपला हँडलर बसवला तर ही साखळी जाते. मुख्य प्रोग्राम सीचा असेल आणि फोरट्रान फक्त आतून बोलावलेले असेल, तर ही व्यवस्था आपोआप उभी राहतच नाही. दोन नोंदींनी एकमेकींकडे बोट दाखवले, की काम झाले.

सिगएफपीईबद्दल एकच गोष्ट. शून्याने भागल्यावर हँडलरमधून नुसते परतले तर पॉझिक्सच्या दृष्टीने पुढचे वागणे अनिश्चित आहे. प्रत्यक्षात इंटेल यंत्रावर तीच सूचना पुन्हा चालते, तोच सिग्नल पुन्हा येतो, आणि प्रोग्राम तिथेच फिरत राहतो. पूर्णांकांचा असा भागाकार एआरएमच्या चौसष्ट बिटांच्या प्रोसेसरवर सिग्नल न देता शून्य परत करतो, त्यामुळे ‘माझ्या लॅपटॉपवर पकडला जात होता’ हा पुरावा धरू नये.

इंटेलच्या कम्पायलरची तऱ्हा वेगळी आहे. त्याच्या आयएफपोर्ट मोड्यूलमधले ‘सिग्नल’ तिसरे ‘फ्लॅग’ आर्ग्युमेंट घेते: ते ऋण असेल तर तुमचा हँडलर, ० असेल तर मूळ वर्तन, १ असेल तर दुर्लक्ष. नाव तेच, आर्ग्युमेंटांची रचना वेगळी. फोरट्रानच्या प्रमाणात सिग्नल ही संकल्पनाच नसल्यामुळे प्रत्येक कम्पायलरने आपापली वाट काढलेली आहे. ‘हा जीएनयूचा विस्तार आहे’ एवढे जीफोरट्रानची नोंद सांगते. दुसरीकडे याच नावाचे वेगळे इंट्रिन्सिक असू शकते, आणि दोन्हीकडे चालणारा मार्ग सी-बाइंडिंगचा आहे, हेही तिने सांगावे.

चांगले लिखाण कसे असते, याचा नमुना त्याच मॅन्युअलमध्ये आहे. डेटाची सुसंगती आणि टिकाऊपणा यावरचा भाग वाचा. ‘फ्लश’ केल्याने डेटा ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत पोहोचतो पण डिस्कवर पोहोचल्याची खात्री होत नाही, हे तिथे आधी समजावले आहे, आणि मग ‘एफसिंक’ला फोरट्रानमधून बोलावण्याचा पूर्ण, चालणारा इंटरफेस दिला आहे. तुमच्या कामाला हा भाग थेट लागू आहे. जीसीसी १० पासून अनफॉरमॅटेड फाइलींचा बफर (लिहिण्यापूर्वी डेटा धरून ठेवणारी जागा) मुळात १२८ किलोबाइटांचा असतो, म्हणजे सिगटर्मने प्रोग्राम एकदम मेला तर तेवढ्यापर्यंतचा डेटा बफरसोबत जाऊ शकतो. स्थिती आधी तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये लिहा, ‘फ्लश’ करा, ‘एफसिंक’ बोलवा, आणि मगच तिला खरे नाव द्या. म्हणजे मध्येच वीज गेली तरी जुनी फाइल शाबूत राहते. मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्यावरून गेले तेव्हा आमच्याकडे रत्नागिरीत वीज गेली होती, आणि नावे बदलण्याची ही पद्धत नसलेली एक स्थिती-फाइल मी अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत पाहिली आहे. नऊ तासांची गणना तिच्यासोबत गेली.

आता पाठवायच्या मजकुराविषयी. नोंदीच्या वर्णनात पुढील आशयाचा एक परिच्छेद घाला, असे मी सुचवीन: ‘हँडलर ऑपरेटिंग सिस्टीमकडून सीच्या पद्धतीने बोलावला जातो, म्हणून तो बाइंड-सी असावा आणि त्याचे आर्ग्युमेंट व्हॅल्यू असावे. साधे फोरट्रान आर्ग्युमेंट वाचल्यास प्रोग्राम कोसळू शकतो, आणि कम्पायलर याचा इशारा देत नाही. हँडलरमध्ये फोरट्रानचे इनपुट-आउटपुट, स्मृतीवाटप किंवा स्टॉप वापरू नये. व्होलाटाइल चलाला किंमत देऊन परतावे.’ यानंतर उदाहरण झेंड्याचे असावे, छापण्याचे नव्हे. हँडलर एखाद्या प्रोसीजरच्या पोटातले अंतर्गत सबरूटीन नसावे, हेही जोडा: असे सबरूटीन बाहेरच्या प्रोसीजरच्या चलांवर अवलंबून असते, आणि सिग्नल येईपर्यंत ती प्रोसीजर संपून गेलेली असू शकते.

मॅन्युअल टेक्सइन्फो स्वरूपात लिहिलेले आहे आणि सगळे इंट्रिन्सिक एकाच फाइलमध्ये आहेत. प्रत्येक नोंदीचे ठरलेले मथळे आहेत. नवा मथळा काढण्याचा मोह टाळा आणि वर्णन, आर्ग्युमेंट, उदाहरण, ‘हेही पाहा’ यांतच मजकूर बसवा, म्हणजे तपासणाऱ्याचे काम हलके होते. आधी जीसीसीच्या बगझिला या दोष-नोंदणी व्यवस्थेत तक्रार नोंदवा, तिच्यात कोसळणारा छोटा प्रोग्राम जोडा, आणि मग पॅच (नेमका बदल दाखवणारी फाइल) पाठवा. २०२१ पासून जीसीसीसाठी कॉपीराइटचे हक्क सोपवण्याचा स्वतंत्र करार आवश्यक राहिलेला नाही. बदल आपण स्वतः लिहिला आहे अशा अर्थाची ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ओळ पुरते. एका पॅचमध्ये एकच गोष्ट ठेवा. आर्ग्युमेंटची दुरुस्ती कोणी वादात घालणार नाही. हँडलरमध्ये काय वर्ज्य आहे यावर चर्चा होईल, आणि त्या चर्चेत पहिली दुरुस्ती अडकू नये.

उदाहरण पाठवण्यापूर्वी ते चालवून पाहा, आणि एकदाच नव्हे. एका टर्मिनलमध्ये प्रोग्राम चालू ठेवा, दुसऱ्यातून ‘किल’ने सिगटर्म पाठवा, मग मुख्य वेटोळ्यात मुद्दाम सतत लिहिणारे विधान घालून तेच पुन्हा पुन्हा करा, ऑप्टिमायझेशन बंद ठेवून आणि चालू करून. ‘प्रिंट’ असलेला हँडलर या कसोटीत लवकर किंवा उशिरा अडकतो, आणि तो अडकलेला प्रसंग तक्रारीत जोडला तर युक्तिवादाची गरज कमी उरते.

तुमच्या स्वतःच्या प्रोग्रामसाठी एक हिशेब राहिला आहे. बंद होताना सिस्टीमडी (लिनक्समध्ये सेवा चालू-बंद करणारी व्यवस्था) आधी सिगटर्म पाठवते, सेवेला सामान्यतः ९० सेकंद देते आणि नंतर सिगकिल पाठवते, जो पकडता येत नाही. तुमच्या गणनेची एक पायरी जर चार मिनिटांची असेल, तर पायरीच्या शेवटी झेंडा पाहणे उशिराचे ठरेल. तो आतल्या वेटोळ्यातही पाहावा लागेल, आणि मधली अर्धवट पायरी टाकून देऊन मागच्या पूर्ण पायरीची स्थिती लिहावी लागेल. पायरीला आणि फाइल लिहायला लागणारा वेळ मोजा, त्यानुसार सेवेची मुदत वाढवा, यूपीएसची बॅटरी त्या मुदतीपेक्षा जास्त टिकते का ते पाहा, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी एकदा भिंतीवरचे बटण बंद करून सगळी साखळी प्रत्यक्ष तपासा.